उपासकाची धम्मदीक्षा : आधुनिक जगासाठी बौद्ध धम्माची आंबेडकरकृत पुनर्मांडणी

विषयप्रवेश

आधुनिक जगाशी बौद्ध धम्माचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न आशियातील बहुतेक बौद्ध देशांना एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून भेडसावू लागला. जपानमध्ये मेजी शासनाने १८७२ मध्ये भिक्षूंच्या विवाहावरील व मांसाशनावरील राजकीय बंधन उठविले. श्रीलंकेत कर्नल हेन्री ऑल्कट यांनी १८८१ मध्ये प्रश्नोत्तररूप बौद्ध धर्मपुस्तिका प्रसिद्ध केली आणि १८९१ मध्ये अनागारिक धर्मपाल यांनी महाबोधी सभेची स्थापना केली. चीनमध्ये भिक्षू ताइशू, थायलंडमध्ये बुद्धदास भिक्खू, व्हिएतनाममध्ये थिच न्हात हान्ह यांनी आपापल्या परीने परंपरेचा नवा अर्थ लावला. पाश्चात्त्य देशांत तर १९७९ नंतर स्मृतिध्यानाचा एक अंश रुग्णालयांतील उपचारपद्धतीतही सामावला गेला.

या सर्व प्रयत्नांत एक गोष्ट समान आढळते. तेथे बौद्ध समाज आधीच अस्तित्वात होता, अथवा बदल स्वीकारणारी माणसे व्यक्तिगत पातळीवर जिज्ञासू होती. महाराष्ट्रातील स्थिती यांहून सर्वस्वी निराळी होती. १९५१ च्या जनगणनेत संपूर्ण भारतात बौद्धांची संख्या सुमारे १ लाख ८० हजार होती. १९६१ मध्ये ती साडेबत्तीस लाखांच्या घरात गेली आणि त्यांपैकी सुमारे २८ लाख एकट्या महाराष्ट्रात होते. येथे जुन्या बौद्धाला नवा करण्याचा प्रश्न नव्हता. बौद्ध कोणास म्हणावे, तो बौद्ध कसा होतो आणि बौद्ध कसा राहतो, हाच मूळ प्रश्न होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या धम्मविचाराची चर्चा बहुधा कर्म, पुनर्जन्म व चार आर्यसत्ये या तात्त्विक मुद्द्यांभोवती फिरते. ती आवश्यक आहेच; तथापि त्यांच्या पुनर्मांडणीचे सर्वांत दूरगामी अंग तत्त्वज्ञानात नसून उपासकाला, म्हणजे गृहस्थाला, दिलेल्या स्थानात आहे. प्रस्तुत लेखात या अंगाचे विवेचन केले आहे.

चार प्रश्न

धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवला येथे झाली आणि प्रत्यक्ष दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे. या एकवीस वर्षांच्या अखेरच्या टप्प्यात 'द बुद्ध अँड हिज धम्म' हा ग्रंथ सिद्ध झाला. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले आणि ग्रंथ १९५७ मध्ये मुंबईत प्रकाशित झाला. ग्रंथाच्या प्रास्ताविकातच लेखकाने चार प्रश्न उपस्थित केले आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? चार आर्यसत्ये बुद्धाच्या मूळ उपदेशातील आहेत की नंतर भिक्षूंनी जोडलेली आहेत? आत्मा नाकारल्यावर कर्म व पुनर्जन्म यांचा अर्थ काय? आणि भिक्खुसंघ निर्माण करण्यामागे बुद्धाचा हेतू कोणता होता?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुढील सर्व मांडणीची दिशा ठरविते. जरा, व्याधी, मृत्यू व संन्यासी यांचे दर्शन घडल्याने सिद्धार्थ मध्यरात्री घर सोडून गेला, ही कथा सर्वश्रुत आहे. एकोणतीस वर्षांच्या तरुणाला तोवर म्हातारा किंवा आजारी माणूस दिसलाच नसेल, हे बाबासाहेबांना पटण्यासारखे नव्हते. येथे हे नमूद केले पाहिजे की, ही शंका मराठीत त्यांच्या आधीच व्यक्त झाली होती. गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी यांनी १९४०-४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध' या ग्रंथात ही कथा ऐतिहासिक नसल्याचे प्रतिपादन केले आणि सुत्तनिपातातील अत्तदंडसुत्ताकडे लक्ष वेधले. माणसांची परस्परांवरील शस्त्रे व कलह पाहून आलेला उद्वेग तेथे व्यक्त होतो. दीघनिकायात निमित्तदर्शनाची कथा येते ती विपस्सी नामक पूर्वबुद्धासंबंधी. तर मज्झिमनिकायातील अरियपरियेसनसुत्तात आईवडील अश्रू ढाळत असता गृहत्याग केल्याचा उल्लेख आहे. म्हणजे पाली वाङ्मयच या लोकप्रिय कथेला पूर्ण दुजोरा देत नाही.

बाबासाहेबांनी या जागी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात झालेला तंटा आणला. त्यांच्या कथनानुसार शाक्यसंघाचा सभासद असलेल्या सिद्धार्थाने युद्धाच्या ठरावाला विरोध केला. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले. आपल्या मतासाठी कुटुंबाला बहिष्कार वा जमिनीची जप्ती सोसावी लागू नये म्हणून त्याने परिव्रज्या पत्करली. रोहिणीचा तंटा अट्ठकथांत आढळतो, परंतु तेथे तो बुद्धत्वप्राप्तीनंतरचा असून बुद्ध त्यात मध्यस्थी करतो. इतिहासाच्या काटेकोर दृष्टीने पाहता हे स्थलांतर सिद्ध करणे कठीण आहे. मात्र त्यातून काय साधले, हे ध्यानात घेतले पाहिजे. गृहत्यागाचे कारण व्यक्तीच्या मरणभयातून निघून समाजातील संघर्षात आले. सिद्धार्थ हा सभागृहात मतभेद नोंदविणारा नागरिक झाला. राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद भूषविलेल्या लेखकाच्या हातून ही कथा लिहिली गेली, हे वाचताना विसरता येत नाही.

हीच दिशा पुढे कायम राहते. माणूस एकटाच असेल तर त्याला धम्माची आवश्यकता नाही. दोन माणसांचा संबंध आला की धम्माशिवाय चालत नाही, असे बाबासाहेबांचे प्रतिपादन आहे. कर्माचा नियम त्यांनी समाजाच्या नैतिक व्यवस्थेला लावला आणि पूर्वजन्मीच्या कर्मामुळे या जन्मीची गरिबी वा हीन जात वाट्यास येते ही कल्पना बुद्धवचन म्हणून नाकारली. ती स्वीकारल्यास अस्पृश्यतेचा दोष अस्पृश्यावरच येतो, हे उघड होते. बुद्धवचन ओळखण्यासाठी त्यांनी कसोट्याही दिल्या : जे बुद्धिसंगत व तर्कसंगत आहे ते बुद्धाचे मानावे, मानवी कल्याणाशी ज्याचा संबंध नाही अशा चर्चेत बुद्ध पडला असे मानू नये, आणि ज्या विषयांत बुद्धाला निश्चिती होती ते आणि ज्यांत ती नव्हती ते यांत भेद करावा.

धम्मदीक्षेची उणीव

ग्रंथात भिक्खू व उपासक यांच्या दीक्षेसंबंधी एक छोटेसे विवेचन आहे. अभ्यासकांचे त्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक नागपूरच्या दीक्षाविधीची गुरुकिल्ली तेथेच आहे. बुद्धाच्या काळी संघात प्रवेश करण्यासाठी स्वतंत्र विधी होता. उपसंपदेसाठी ठरावीक संख्येच्या भिक्षूंची उपस्थिती आवश्यक असे, उमेदवाराची विचारपूस होई, आणि प्रवेशानंतर पातिमोक्खाचे २२७ नियम त्याला लागू होत. उपासकासाठी यातले जवळजवळ काहीच नव्हते. त्रिशरणाचा उच्चार व पंचशीलाचे ग्रहण एवढ्यावर तो उपासक होई. त्याने शीलभंग केल्यास त्याची चौकशी करणारी व्यवस्था नव्हती. संघाची निंदा वा हानी करणाऱ्या गृहस्थाकडील भिक्षा संघाने नाकारावी, म्हणजे भिक्षापात्र उपडे करावे, अशी एक तरतूद चुल्लवग्गात आहे. वड्ढ नावाच्या लिच्छवीवर तिचा प्रयोग झाला. त्याने क्षमा मागितल्यावर पात्र पुन्हा सुलटे करण्यात आले. पण ही तरतूद संघाच्या रक्षणासाठी आहे, उपासकांचा समाज घडविण्यासाठी नाही.

संघदीक्षा होती, पण तिच्याहून वेगळी धम्मदीक्षा नव्हती, ही बाबासाहेबांच्या मते गंभीर उणीव होती आणि भारतातील बौद्ध धम्माच्या ऱ्हासाच्या कारणांत तिची गणना केली पाहिजे. दीक्षाविधी नसल्यामुळे उपासक एका धर्मातून दुसऱ्या धर्मात सहज जाऊ शकत होता. किंबहुना एकाच वेळी दोन्ही पाळू शकत होता. विहारात दान द्यावे, घरी श्राद्ध घालावे, गावदेवीला नवस बोलावा, आणि विवाहासाठी पुरोहित बोलवावा, यात त्याला विसंगती वाटण्याचे कारण नव्हते. विहार उद्ध्वस्त झाले, भिक्षू पांगले, तेव्हा मागे उरलेल्या गृहस्थांपाशी बौद्ध म्हणून टिकून राहण्यासारखी कोणतीही चौकट नव्हती.

या निदानाची ऐतिहासिक चिकित्सा होऊ शकते. भारतातील बौद्ध धम्माचा लोप राजाश्रय, व्यापारी मार्गांतील बदल, आक्रमणे व ब्राह्मणी परंपरेतील समावेश अशा अनेक कारणांनी झाला. पण निदानाचा रोख स्पष्ट आहे. परंपरेने धम्माचा वारसा संघाच्या हाती सोपविला; गृहस्थ हा दाता राहिला. महावग्गातील एक तपशील या संदर्भात उद्बोधक आहे. तपुस्स व भल्लिक हे दोन व्यापारी पहिले उपासक. त्यांनी केवळ बुद्ध व धम्म यांना शरण जाण्याचे वचन उच्चारले, कारण संघ तेव्हा अस्तित्वातच आलेला नव्हता. उपासक संघाच्या आधीचा आहे, हे खुद्द विनयपिटकच सांगते.

नागपूर, १४ ऑक्टोबर १९५६

या पार्श्वभूमीवर नागपूरच्या विधीकडे पाहिले असता त्यातील दोन टप्पे वेगळे दिसू लागतात. प्रथम कुशिनारा येथील वयोवृद्ध भिक्षू चंद्रमणी महास्थविर यांच्याकडून बाबासाहेबांनी व त्यांच्या पत्नीने त्रिशरण व पंचशील घेतले. हा टप्पा सर्वस्वी परंपरेला धरून होता. त्यानंतर बाबासाहेबांनी स्वतः उपस्थित लाखोंच्या समुदायाला त्रिशरण, पंचशील व स्वतः रचलेल्या बावीस प्रतिज्ञा दिल्या. भिक्षू नसलेल्या एका गृहस्थाने गृहस्थांना दीक्षा दिली. बौद्ध परंपरेत यास पूर्वाधार शोधणे कठीण आहे. आदल्या दिवशी वार्ताहरांशी बोलताना त्यांनी आपल्या मार्गासाठी 'नवयान' हा शब्द वापरला होता. त्या शब्दाचा सर्वांत ठळक प्रत्यय या दुसऱ्या टप्प्यात येतो.

बावीस प्रतिज्ञांवर नकारात्मकतेचा आक्षेप वारंवार घेतला जातो. ब्रह्मा-विष्णू-महेश, राम-कृष्ण, गौरी-गणपती यांची उपासना न करणे, बुद्धाला विष्णूचा अवतार न मानणे, श्राद्धपक्ष व पिंडदान न करणे, ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म करून न घेणे, अशा निषेधपर प्रतिज्ञांची संख्या त्यांत मोठी आहे, हे खरे. परंतु धम्मदीक्षेच्या उणिवेचे वरील विवेचन ध्यानात घेतल्यास त्यांचे प्रयोजन उलगडते. पंचशीलाने शील मिळते. सीमा मिळत नाही. दुहेरी निष्ठेची वाट बंद करणे, हे या प्रतिज्ञांचे कार्य आहे. समतेवरील विश्वास, अष्टांगिक मार्ग, दहा पारमिता, प्राणिमात्रांविषयी करुणा या विधायक प्रतिज्ञा त्या सीमेच्या आत येतात. एकविसावी प्रतिज्ञा तर अर्थपूर्ण आहे : दीक्षा घेणारा आपला नवा जन्म होत असल्याचे म्हणतो. आत्म्याचा पुनर्जन्म नाकारणाऱ्या धम्मात पुनर्जन्माला मिळालेला हा एकमेव निःशंक अर्थ म्हणावा लागेल, आणि तो याच देहात घडतो.

प्रतिज्ञेची किंमत

ही सीमा कागदावर आखली गेली तेव्हा तिची किंमत दीक्षितांनाच मोजावी लागली. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार हिंदू धर्माव्यतिरिक्त अन्य धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जात नसे. १९५६ मध्ये शीख धर्माचा त्यात समावेश झाला. बौद्धांचा समावेश होण्यास १९९० साल उजाडावे लागले. मधल्या चौतीस वर्षांत केंद्राच्या सवलती हव्या असतील तर बौद्ध म्हणून नोंद करणे अडचणीचे ठरत होते. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये स्थापनेबरोबरच नवबौद्धांना राज्याच्या सवलती देऊ केल्या, म्हणून येथील झळ काहीशी कमी झाली. तरीही घरात बुद्धाची मूर्ती आणि शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू' ही दुहेरी नोंद असंख्य कुटुंबांच्या वाट्याला आली. जी दुहेरी निष्ठा मोडण्यासाठी प्रतिज्ञा रचल्या, तीच कायद्याने वेगळ्या रूपात पुन्हा उभी केली.

१९९० च्या दुरुस्तीनेही हा पेच पूर्णतः सुटला नाही. सवलतीसाठी धर्मांतरापूर्वीची जात सिद्ध करावी लागते. म्हणजे जात सोडल्याची प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाच्या नातवालाही तीच जात प्रमाणपत्रावर वागवावी लागते. सामाजिक न्यायासाठी हे अपरिहार्य आहे, असे म्हणता येईल. धम्माच्या दृष्टीने ते क्लेशदायक आहे, हेही तितकेच खरे. विवाह व वारसा यांबाबत बौद्धांना हिंदूंसाठीचेच अधिनियम लागू असल्याने स्वतंत्र बौद्ध वैयक्तिक कायद्याची मागणी पुढे येते, तिचे मूळही याच सीमेच्या जाणिवेत आहे.

बौद्धाचार्य, ग्रंथवाचन आणि विहार

दीक्षेनंतर दोन महिन्यांच्या आत नेता गेला. मागे राहिलेल्या समाजापाशी भिक्षू जवळपास नव्हते, पाली जाणणारे मोजके होते आणि बहुसंख्य दीक्षित निरक्षर होते. हे आंदोलन तेथेच विरून गेले असते तर आश्चर्य वाटले नसते. ते टिकले याचे श्रेय बहुतांशी गृहस्थांनी चालविलेल्या व्यवस्थेला द्यावे लागते.

बाबासाहेबांनी १९५५ मध्ये स्थापन केलेली भारतीय बौद्ध महासभा आणि त्यांनी सिद्ध केलेली 'बौद्ध पूजापाठ' ही पुस्तिका हे या व्यवस्थेचे दोन आरंभबिंदू. महासभेने प्रशिक्षित केलेले 'बौद्धाचार्य' विवाह, नामकरण, गृहप्रवेश, अंत्यविधी व पुण्यानुमोदन हे संस्कार पार पाडतात. बौद्धाचार्य भिक्षू नसतो. तो संसारी असतो. दिवसा नोकरी वा मजुरी करतो आणि सायंकाळी पांढरी वस्त्रे परिधान करून विधी लावतो. पुरोहिताची जागा त्याने घेतली असली तरी ते पद जन्माने मिळत नाही. थेरवादी देशांत अंत्यविधीला भिक्षूंना निमंत्रण असते. महाराष्ट्रातील वस्तीत भिक्षू उपलब्ध नसला म्हणून संस्कार अडत नाही. परंपरेच्या तुलनेत हा बदल मोठा आहे, पण तो कोणत्याही तात्त्विक वादाविना घडून आला.

वर्षावासाचे उदाहरण याहून बोलके आहे. आषाढ पौर्णिमेपासून तीन महिने भिक्षूंनी एका ठिकाणी राहावे, हा मूळ विनयनियम. महाराष्ट्रातील विहारांत या काळात गृहस्थच 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे क्रमशः वाचन करतात. वाचणाऱ्यांत आणि ऐकणाऱ्यांत स्त्रियांची संख्या लक्षणीय असते. भिक्षूंच्या निवासाचा काळ उपासकांच्या अध्ययनाचा काळ झाला. पोथीवाचनाची मराठी ग्रामीण सवय येथे उपयोगी पडली असावी, असे म्हणण्यास जागा आहे. श्रावणातील ग्रंथवाचनाशी असलेले तिचे साम्य डोळ्याआड करता येत नाही. सीमा आखूनही रूढीचा आकार मागे राहतो. तो वाईटच असतो असे नाही.

पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या महाविद्यालयांची नावेही याच विचाराची साक्ष देतात. मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ चे, म्हणजे दीक्षेच्या दहा वर्षे आधीचे. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील मिलिंद महाविद्यालय १९५० चे. मिलिंद हा 'मिलिंदपञ्ह' मधील प्रश्न विचारणारा राजा, भिक्षू नव्हे. भिक्षू नागसेनाचे नाव परिसराला मिळाले आणि विद्यार्थी ज्या संस्थेत शिकतात तिला शंका विचारणाऱ्या गृहस्थाचे.

आक्षेप

ग्रंथावर परंपरेच्या बाजूने कठोर टीका झाली. महाबोधी सभेच्या नियतकालिकातील १९५९ च्या परीक्षणात हा ग्रंथ बुद्धाचा धम्म सांगत नसून आंबेडकरांचा सांगतो, असा सूर होता. चार आर्यसत्ये निकायांत इतक्या ठिकाणी विखुरलेली आहेत की ती मागाहून घातलेली आहेत हे मत स्वीकारणे पाली अभ्यासकांना जड जाते, आणि या मुद्द्यावर त्यांचे म्हणणे वजनदार आहे. दुसरीकडे भदंत आनंद कौसल्यायन यांच्यासारख्या पाली पंडिताने ग्रंथाचा हिंदी अनुवाद केला आणि त्यातील वचनांची पाली मुळे शोधून दिली. ग्रंथातील बराच भाग त्रिपिटकाधारित आहे, हे त्यामुळे स्पष्ट झाले. वाद उरतो तो निवडीचा आणि क्रमाचा.

खरा कठीण आक्षेप वेगळा आहे. बुद्धिसंगत ते बुद्धवचन, ही कसोटी मान्य केली तर बुद्धी कोणाची? बाबासाहेबांपाशी त्रिपिटकाचा व्यासंग होता आणि समाजाचा अनुभव होता. त्यांच्या पश्चात ही कसोटी वापरण्याचा अधिकार कोणाला, याचे उत्तर ग्रंथात नाही. परिणामी अनेकांच्या दृष्टीने ग्रंथच अंतिम ठरला. परंपरेची चिकित्सा करणाऱ्या ग्रंथाची चिकित्सा करणे मात्र कठीण होऊन बसले. विपश्यनेचा वाद हे याचे ठळक उदाहरण. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र १९७६ पासून कार्यरत आहे आणि तेथे जाणाऱ्या बौद्धांची संख्या मोठी आहे. ध्यानाने सामाजिक संघर्षाची धार बोथट होते, असे एका पक्षाचे मत. ध्यानाविना शील टिकत नाही, असे दुसऱ्याचे. दोन्ही पक्ष बाबासाहेबांच्या ग्रंथातूनच आधार काढतात, कारण निर्णय देणारी सभा अस्तित्वात नाही.

भिक्षूचा प्रश्न

चौथा प्रश्न सर्वांत अपुरा राहिला. १९५० मध्ये महाबोधी मासिकातील लेखात बाबासाहेबांनी तत्कालीन भिक्षूवर्गाविषयी तीव्र असमाधान व्यक्त केले होते आणि ख्रिस्ती मिशनऱ्यांप्रमाणे सेवा व शिक्षण करणारे भिक्षू हवेत, असे सुचविले होते. ग्रंथातही भिक्षू हा स्वतःपुरता परिपूर्ण पुरुष नसून समाजसेवक असावा, अशी भूमिका आहे. असा संघ घडविण्याची योजना आखण्यास त्यांना अवधी मिळाला नाही.

या पोकळीत दोन प्रयत्न झाले. एकीकडे काही दीक्षितांनी थेरवादी पद्धतीने उपसंपदा घेऊन पारंपरिक भिक्खुसंघ उभा केला. त्यातील भिक्षूंना विद्यापीठीय वा सामाजिक कार्याचे प्रशिक्षण देणाऱ्या संस्था फार थोड्या आहेत. अनेक भिक्षूंचा दिनक्रम विधी व प्रवचने यांतच जातो. दुसरीकडे इंग्रज भिक्षू संघरक्षित यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सुरू केलेल्या चळवळीची भारतीय शाखा त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण या नावाने १९७९ मध्ये पुण्यात आकारास आली. तिच्यातील 'धम्मचारी' भिक्षूही नाहीत आणि पारंपरिक अर्थाने उपासकही नाहीत. विवाहित वा अविवाहित राहून ते पूर्ण निष्ठेने धम्मकार्य करतात. स्त्री व पुरुष दोघांनाही समान दीक्षा मिळते. संघदीक्षा व धम्मदीक्षा यांतील भिंत येथे जवळपास नाहीशी होते. मात्र ही व्यवस्था एका संघटनेच्या शिस्तीत बांधलेली असल्याने वस्त्यांतील बहुसंख्य विहार तिच्या बाहेरच आहेत.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ८४ लाख बौद्ध असून त्यांपैकी ६५ लाखांवर महाराष्ट्रात आहेत. त्यांच्या घरातील बहुतेक संस्कार बौद्धाचार्याच्या हातून होतात. त्याचे प्रशिक्षण बहुधा अल्पकालीन शिबिरात होते. तेवढ्या अवधीत विधी, गाथा व बावीस प्रतिज्ञा शिकविता येतात, निकायांचा अभ्यास शिकविता येत नाही. पाली विभाग चालविणाऱ्या महाविद्यालयांचा आणि या शिबिरांचा परस्परसंबंध आज तुरळक आहे. पदवीसाठी पाली घेणारा विद्यार्थी व रविवारी विहारात वंदना घेणारा बौद्धाचार्य पुष्कळदा एकाच वस्तीत राहतात. अभ्यासक्रम मात्र दोघांना एकत्र आणीत नाही.